पाठीच्या फ्रेमची वरची दोन भोके

चि. अनिल, चि. सौ. सुलभा आणि चि. विनीता यांना अनेक आशीर्वाद.

हा कागद लिहायला मला सात वर्षे उशीर झाला. त्याबद्दल पहिल्याच ओळीत माफी मागतो, कारण एकदा कलमे सुरू झाली की माफीला जागा उरत नाही, असे पुरुषोत्तमराव म्हणतात. ते नागपूरच्या कोर्टात तीस वर्षे कारकून होते. आता दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहतात. मृत्युपत्र कसे लिहावे हे त्यांनी मला तीन दुपारी समजावले. तरी चुका राहिल्या तर त्या माझ्या.

मी, एकनाथ गणपत नवगिरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळ राहणार अहमदनगर, सध्या मुलाच्या घरी नोव्हाय, मिशिगन येथे, पूर्वीचा धंदा खोगिरे व घोड्याचे सामान शिवणे, शिक्षण मराठी चौथी, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भरीस घातलेले नाही. भीती वाटते आहे, पण ती येत्या तेवीस तारखेच्या हृदयाच्या ऑपरेशनची. कोणा माणसाची नाही. डॉक्टर म्हणतो, झडप बदलणे हे आमचे रोजचे काम आहे. त्याचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करायला जुना कागद नाही. पण एक जुने वाक्य आहे. ते कलम पाचमध्ये रद्द करीन.

आणखी एक. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायची रीत आहे. हे मी जिवंत असतानाच वाचावे. एक प्रत अनिलच्या टेबलावर ठेवतो. दुसरी विनीताला मोंटानाला पोस्टाने जाईल. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून पुरुषोत्तमराव सोबत इंग्रजी करून जोडणार आहेत. त्यांना मी बजावले आहे की माझी चूक इंग्रजीत मऊ करू नका. ऑक्टोबरच्या आत हे वाचले गेले नाही, तर लिहिण्याचा उपयोग नाही.

कलम १. घर. घर अनिलचे आहे, माझे त्यात काही नाही. माझ्या खोलीतला पलंग, घड्याळ आणि दोन ब्लँकेटे घरातलीच समजावीत. खिडकीची कडी सैल आहे. ती मी गेलो तरी आणि राहिलो तरी बसवून घ्यावी, कारण वाऱ्याने काच फुटेल. हे मी दोन हिवाळे सांगतो आहे.

कलम २. नगरची दुकानाची खोली. ती पुतण्या चि. बाळ याला द्यावी. तो तिथे स्टोव्ह दुरुस्त करतो. बाहेरची पाटी अजून माझ्या नावाची आहे आणि म्हातारे टांगेवाले कधीमधी लगाम शिवायला येतात, असे तो वैतागून लिहितो. पाटी उतरवायला माझी हरकत नाही. मात्र आलेल्या म्हाताऱ्याला चहा पाजून पाठवावे. ही अट नाही, विनंती आहे.

कलम ३. बँकेतले जे असेल ते, आणि माझी कै. पत्नी शैला हिच्या पाटल्या, सौ. सुलभाला द्याव्यात. अनिलला नाही. अनिलने वाईट वाटून घेऊ नये. या घरात वरच्या फळीवरचा डबा सात वर्षे सुलभा काढते आहे. अनिलचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती कधी त्याला म्हणाली नाही की तू काढ. पहिल्या वर्षी ती स्टूल आणायची, आता डबेच खाली ठेवायला लागली आहे. माझ्यामुळे जे ओझे कोणावर पडले त्यातले पहिले तिच्यावर पडले. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही तिनेच करावे. घरात पत्र आले की पूर्ण वाचणारी ती एकटीच आहे.

कलम ४. अवजारे. कातडे कापायच्या दोन रापी, भोके पाडायच्या सात आऱ्या, गुडघ्यात धरायचा लाकडी चिमटा, मेणाचा गोळा आणि वडिलांचा सुई रेटायचा पितळी अंगठा ही मला डेलला द्यायची होती. डेल हॅन्सन हा ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा दुकानदार. तो शिकारीचे आणि पलटणीचे जुने सामान विकतो. मी अमेरिकेत आलो त्या वर्षापासून त्याच्याकडे दुपारी बसून बंदुकांची म्याने आणि पट्टे शिवतो. मी आयुष्यात बंदूक उडवली नाही, पण इथल्या पुष्कळ बंदुका माझ्या टाक्यांत झोपल्या आहेत. परंतु डेल या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ केले तर भानगड होते, असे पुरुषोत्तमराव म्हणाले. म्हणून अवजारे आज सकाळीच त्याच्या हातात दिली. ती या मृत्युपत्रात नाहीत. मी गेल्यावर कोणी शोधत बसू नये, म्हणून फक्त लिहिले. एक आरी मागे ठेवली आहे. ती कशाला ते पुढे आहे.

कलम ५. पाठीची फ्रेम. हे कलम लांब होईल.

सुलभाने ही फ्रेम नीट पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची शिडीसारखी चौकट असते, तिला पाठीला टेकायची ताणलेली जाळी, खांद्याचे दोन पट्टे आणि कमरेचा एक रुंद पट्टा. शिकारी लोक तिच्यावर पिशवी लावून डोंगरात जातात. परत येताना पिशवी काढून त्याच चौकटीला मांस बांधून आणतात. खाली एक आडवी फळी असते, तिच्यावर ओझे टेकते. डेलच्या दुकानात अशा वीसेक फ्रेमी छताला टांगलेल्या असतात.

१९७९ साली अनिलच्या ऑफिसातले चौघे कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला निघाले. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. त्यांनी अनिललाही बोलावले. कंपनीत लागल्यापासून अशा गोष्टीला त्याला पहिल्यांदाच कोणी बोलावले होते. तो इतका खूश होता की परवान्याचा कागद त्याने मला दोनदा दाखवला. फ्रेम घ्यायला मी, अनिल आणि पुरुषोत्तमराव डेलकडे गेलो. अनिल बूट बघायला मागच्या खोलीत गेला. डेलने एक फ्रेम उतरवली, कमरेच्या पट्ट्यावर बोट ठेवले आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"म्हणतो, पट्टा कमरेच्या हाडावर आवळून बसवायचा," पुरुषोत्तमराव म्हणाले. "सगळं वजन हाडावर. खांद्यावर नुसता तोल."

"त्याला सांगा, कमरेवर ओझं टाकलं की जनावर बसतं."

"एकनाथराव, तुमचा मुलगा जनावर आहे का?"

"पाठ ती पाठ. माझ्या वडिलांनी पलटणीच्या खेचरांची खोगिरं शिवली. एकाची पाठ सोलवटली नाही. याच्या बापानं काय शिवलं, विचारा."

"मी हे भाषांतर करणार नाही. माझी अब्रू जाईल."

"मग गप्प बसा."

ते अनिलचे बूट बघायला मागे गेले. डेलने फ्रेमचे बिल केले.

माझे म्हणणे काय होते ते लिहितो, कारण ते मूर्खाचे नव्हते, फक्त चुकीच्या प्राण्याचे होते. घोड्याच्या किंवा खेचराच्या शेवटच्या बरगडीच्या मागे ओझे जाऊ द्यायचे नसते. तिथे खाली आधार नसतो, जनावर खचते. ओझे बरगड्यांवर हवे. हे वडिलांनी मला आठव्या वर्षी थोबाडीत मारून शिकवले, त्यामुळे पक्के बसले. म्हणून डेलने विकलेली फ्रेम मी घरी आणली, गॅरेजमध्ये पुरुषोत्तमरावांच्या देखत ड्रिल लावले आणि नळीला चार बोटे वर दोन नवी भोके पाडली. कमरेचा पट्टा तिथे चढवला. तो बरगड्यांवर आला. बरगड्यांवर आवळला तर श्वास कोंडतो, म्हणून अनिलला सांगितले, "हा सैलच ठेव."

तो म्हणाला, "दादा, पुस्तिकेत खाली दाखवलाय."

मी म्हणालो, "पुस्तिका छापणाऱ्यानं कधी खोगीर शिवलं होतं का?"

तो हसला आणि त्याने ऐकले. तो माझे ऐकायचा.

त्यांना एल्क मिळाला. अनिलच्या वाट्याला मागचा अख्खा पाय आला. पाच मैल त्याने तो आणला आणि पुन्हा जाऊन दुसरी खेप केली. आपण मागे पडायचे नाही, एवढेच त्याच्या मनात होते. सगळे वजन दोन खांद्यांच्या पट्ट्यांवर. दुसऱ्या खेपेत उजवा हात बधिर झाला. त्याला वाटले थंडी आहे. घरी आला तेव्हा हात लाकडासारखा लोंबत होता. ताटातला घास तोंडापर्यंत जाईना. डॉक्टरांनी सांगितले, पट्ट्याखाली खांद्यातली नस चेपली. आठ महिने गेले. पकड परत आली, पण हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. अनिल उभ्या बोर्डवर गाड्यांची ड्रॉइंगे काढायचा. त्याची रेघ बघायला दुसऱ्या खात्यातले लोक येत, हे मी स्वतः पाहिले आहे. ते काम सुटले. आता तो मीटिंगा घेतो. पगार वाढला म्हणून लोक अभिनंदन करतात.

हॉस्पिटलातून आल्यावर त्याने मला विचारले, "दादा, असं कसं झालं?"

मी म्हणालो, "फ्रेमच खराब होती."

हेच ते वाक्य. ते मी या कागदाने रद्द करतो. फ्रेम चांगली होती. दुकानदार चांगला होता. भोके मी पाडली.

पट्टा मी वर चढवला हे अनिलला माहीत होते, तरी त्याने माझे वाक्यच खरे मानले, फ्रेम गाडीत टाकली आणि डेलच्या दुकानात जाऊन तो गिऱ्हाइकांसमोर ओरडला. मी सोबत होतो. डेलने फ्रेम हातात घेतली, उलटी केली. वरच्या भोकांवर त्याचा अंगठा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी दारावरच्या घंटेकडे पाहिले. त्याने गल्ला उघडून अनिलचे पैसे परत केले आणि फक्त "सॉरी अबाउट युअर आर्म" एवढेच म्हणाला. फ्रेम मागच्या भिंतीला टांगली.

तीन आठवडे मी त्याच्याकडे गेलो नाही. मग गेलो, कारण घरात बसवेना. त्याने मला आत घेतले. वाळूच्या दोन पिशव्या एका दुसऱ्या फ्रेमला बांधल्या, ती माझ्या पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा हाडावर घेऊन आवळला. मग माझा हात धरून माझीच दोन बोटे माझ्या खांद्याच्या पट्ट्याखाली सरकवली. पट्टा हलका होता. सगळी वाळू कमरेच्या हाडांवर बसली होती आणि हाडांखाली दोन पाय सरळ उभे होते. घोड्याची पाठ आडवी असते, माणसाची उभी. हे मला सदुसष्टाव्या वर्षी, वाळू पाठीवर घेतल्यावर कळले. मी तिथेच स्टुलावर बसलो. डेलने पाणी दिले.

म्हणजे ही गोष्ट दोघांना माहीत होती. डेल बोलला नाही, कारण तो बोलतच नाही. पुरुषोत्तमराव बोलले नाहीत, पण त्यांनी मला सोडलेही नाही. मराठी मंडळाच्या जेवणात पोट भरून मी जरा विजारीच्या पट्ट्याला हात लावला, की पंक्तीतून आवाज यायचा, "एकनाथराव, पट्टा सैल ठेवा हो! श्वास कोंडेल!" सगळे हसायचे, जेवणावरचा विनोद समजून अनिलसुद्धा. मी घाबरून घास गिळायचो. सात वर्षांत निदान वीस वेळा. हा माझा त्यांच्यावरचा राग आहे आणि तो मी इथे नोंदवतो. ते हे लिहिताना शेजारी बसले आहेत. म्हणतात, "नोंदवा. मला वाटलं होतं, टोचल्यावर तुम्ही बोलाल." मग राग अर्धा ठेवावा.

आता जूनमधली गोष्ट. विनीता मोंटानाला जंगली जनावरांचा अभ्यास करते. तिने फोन केला की तिला आणि वर्गातल्या दोघींना एल्कचा परवाना मिळतो आहे, ऑक्टोबरअखेर जाणार, आणि तिने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून जुनी फ्रेम घेतलीसुद्धा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवर अनिल बोलत होता. मी टेबलाशी चहा घेऊन बसलो होतो. ती इतकी मोठ्याने बोलत होती की मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"विनी, लिसन टू मी. ते ओझं माणसानं उचलायचंच नसतं. माझा हात बघितलायस ना?"

"डॅड, दॅट वॉज अ बॅड फ्रेम! यू ऑल्वेज सेड सो!"

"सगळ्या तसल्याच. तू ते कॅन्सल कर."

"नो! आय ॲम ट्वेन्टी-टू!"

"मग जा. पण हात गमावून या घरात फोन करू नकोस."

"फाइन."

फोन कट झाला. अनिल रिसीव्हर वर अडकवायला गेला, उजवा हात अर्ध्यात थांबला, मग त्याने तो डाव्या हातात घेऊन अडकवला. मी चहा ढवळत राहिलो. तेव्हा बोलायला हवे होते. बापलेकीत जे भांडण झाले ते माझ्या वाक्यावरून झाले, आणि ते वाक्य खोटे आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. त्या दिवसापासून तिचा फोन आलेला नाही. सुलभा ऑफिसातून करते. अनिलला ते माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे हे सुलभालाही माहीत आहे.

मला झोप लागत नाही ती ऑपरेशनमुळे नाही. तिने घेतलेली फ्रेम कोणा उंच माणसाची असणार. तिची उंची पाच फूट दोन इंच. फ्रेम लांब पडली तर कमरेचा पट्टा हाडाच्या खाली घसरतो आणि वजन पुन्हा खांद्यावरच येते. मी वर चढवून केले तेच खाली घसरूनही होते. तिचाही हात जाईल, आणि मग कायमचे ठरेल की अनिलचे बरोबर होते. तसे व्हायला नको.

म्हणून असे ठरवतो. दुकानाच्या भिंतीवरची अनिलची ती फ्रेम डेलने मला परत दिली आहे. ती चि. विनीताची. पट्टा मूळच्या खालच्या भोकांत बसवला आहे. वरच्या दोन भोकांपाशी नळी कच्ची झाली होती, म्हणून डेलने आतून दुसऱ्या नळीचा तुकडा सारून ती पक्की केली. मग आम्ही दोघांनी तिला वाळू बांधून आठवडाभर टांगून पाहिले. भोके बाहेरून दिसतात. ती बुजवू नयेत, रंगवू नयेत.

विनीता, आता नीट वाच.

फ्रेम उंचीवर घ्यायची नसते, पाठीवर घ्यायची असते. लांब पायांचा माणूस उंच असून पाठीने आखूड असतो. उभे राहून काही कळत नाही, बसल्यावर कळते. तू आणि तुझा बाप शेजारी उभे राहिलात तर तो तुझ्यापेक्षा पाच इंच उंच. पण जेवायला शेजारी बसलात की तुमचे खांदे एका रेषेत येतात. हे मी तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून पाहतो आहे, म्हणजे तेव्हा तू खाली होतीस, हळूहळू रेषेत आलीस. म्हणून मला वाटते त्याची फ्रेम तुला बसेल. पण मी एकदा माझ्या वाटण्यावर भोके पाडली आहेत. या वेळी माप पाहिजे.

माप असे. मान खाली घाल. मानेच्या मुळाशी जे हाड टोचते तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेवर असे ठेव की अंगठे मागे येतील आणि हाडाच्या माथ्यावर टेकतील. दोन अंगठ्यांच्या मधल्या रेषेपर्यंत टेप पाठीला चिकटवून, वळणासकट घ्यायची. सतरा इंच किंवा वर असेल तर ही फ्रेम. सोळाच्या आत आले तर डेलने एक लहान फ्रेम बाजूला काढून ठेवली आहे, माझी परत भिंतीला जाईल आणि मी वाईट वाटून घेणार नाही. अधेमधे आले तर पाठीची जाळी आणि खांद्याचे पट्टे मी सरकवीन. तुझे खांदे अरुंद आहेत, पट्टे आत घ्यावे लागतील. कमरेच्या पट्ट्याचीही लांबी कमी करावी लागेल. त्यासाठीच ती एक आरी ठेवली आहे.

पाठीवर घेताना आधी वजन घालून घे, रिकामी फ्रेम सगळ्यांनाच बसते. आधी खांद्याचे पट्टे सैल, मग कमरेचा पट्टा हाडाच्या माथ्यावर घेऊन गच्च आवळायचा, मग खांद्याचे हलकेच ओढायचे. दोन बोटे आत जायला हवीत. न गेली तर थांब आणि पुन्हा कर, बरोबरचे पुढे गेले तरी चालेल. त्यांना जाऊ दे. तुझा बाप मागे पडायला लाजला. पाठीची जाळी टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजली पाहिजे, नाहीतर नळी मणक्याला लागते. मांस पाठीला चिकटून आणि वर बांध. उतार फार असेल तर थोडे खाली. पट्टे अडकवायच्या पिना निसटतात, म्हणून चार जादा पिना आणि कड्या पट्ट्याच्या आत शिवून देतो. फ्रेमचे सांधे कुरकुर वाजतात, तिथे मेण लावले आहे. जनावराचे कान आपल्यापेक्षा चांगले असतात. हात बधिर वाटला तर तो थंडीमुळे आहे असे समजू नकोस. ओझे तिथेच टाक. सांबराचा भाऊ परत मिळेल.

अट. हे माप स्वतःचे स्वतःला घेता येत नाही. दुसऱ्याने घ्यावे लागते. वर्गातली कोणी घेईल हे मला माहीत आहे. पण ही फ्रेम विनीताला मिळण्याची अट अशी, की तिच्या पाठीचे माप तिच्या बापाने स्वतःच्या हाताने घ्यावे. मानेपासून कमरेपर्यंत टेप धरायला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही. मी आरशापुढे करून पाहिले आहे.

अशी अट कायद्यात टिकते का, मी पुरुषोत्तमरावांना विचारले. ते म्हणाले, "कोर्टात टिकणार नाही. घरात टिकते का बघा." न टिकली तरी फ्रेम विनीताचीच. तेव्हा अट काढून टाकावी असे वाटते. पण राहू दे.

अनिल, तुला मी काहीच ठेवलेले नाही असे दिसेल. तुला देण्यासारखे माझ्याकडे एवढेच होते की ते वाक्य परत घ्यावे. हे तोंडाने सांगायला मी किती वेळा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो ते सुलभाला विचार. तिला वाटायचे मला गोळी हवी आहे. तू रागावलास तर रागाव. ऑपरेशनच्या आधी रागावलास तरी चालेल. डॉक्टरला सांगू नकोस, एवढेच. आणि डेलकडे एकदा जाऊन ये. तो काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस. एक पट्टा विकत घे.

कलम ६. मी गेलो तर इथेच विद्युतदाहिनी असेल तिथे न्यावे. अस्थी नगरला पाठवण्याची घाई करू नये, पोस्टात वस्तू हरवतात. न गेलो, तर हे कलम कोणी माझ्यासमोर काढू नये.

कलम ७. पुरुषोत्तमराव साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. त्यांच्याकडून मात्र एक घेतो: यापुढे पंक्तीत पट्ट्याचा विषय काढण्याचा त्यांचा हक्क संपला.

वरील सर्व मी माझ्या हाताने, डेलच्या दुकानातल्या शिवणाच्या बाकावर बसून, दोन पेने वापरून लिहिले. पहिल्याची शाई कलम पाचमध्ये संपली. खाडाखोड जिथे आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत.

स्थळ: नोव्हाय, मिशिगन
दिनांक: शनिवार, ६ सप्टेंबर १९८६

सही: एकनाथ गणपत नवगिरे

साक्षीदार १: पुरुषोत्तम हरी दामले. मजकूर वाचला. कलम ७ मान्य.

साक्षीदार २: डेल हॅन्सन, दुकानदार. मजकूर वाचता येत नाही. सही करताना पाहिले. फ्रेम पाहिली आहे.

ता. क. सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे पुरुषोत्तमराव म्हणतात. न धरोत. विनीता, तुझे कॉलेज महिनाअखेरीला सुरू होते असे सुलभा म्हणाली. तेवीस तारखेच्या आत दोन दिवस ये. मला पट्टा आत घ्यायला एक दुपार पुरते, पण ती दुपार ऑपरेशनच्या अलीकडची हवी, पलीकडची मिळेल याची मला खात्री नाही. येणार की नाही ते लवकर कळव. पत्र नको, उशीर होतो. घरच्या फोनवरच कर. संध्याकाळी सहानंतर कर, तेव्हा फोन अनिल उचलतो. तो काही बोलला नाही तरी ठेवू नकोस. त्याला रिसीव्हर डाव्या हातात घ्यायला थोडा वेळ लागतो.